आधी कुणी बोलायचं?

ऑगस्ट २०१९ चा महापूर आमच्या भागातलं कुणी विसरलेलं नाही. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं गाव सांगलीपासून थोडं लांब, पण नदीच्याच काठाला. अर्धं गाव पाण्यात आणि अर्धं शाळेत. मीही शाळेतच होते, मदतकार्यात वगैरे म्हणतात ना, तशी. खरं तर माझ्याकडे काम होतं वहीचं. कुठे किती माणसं अडकलीत, कुणाला इन्सुलिन हवंय, कुठल्या वस्तीवर दूध पोचलं नाही, ते लिहून ठेवायचं. अक्षर बरं आहे म्हणून असली कामं नेहमी माझ्याच गळ्यात पडतात!

मोबाइल दुसऱ्याच दिवशी मुके झाले. मग कुणीतरी खटपट करून सहा वॉकीटॉकी आणले. एक मळ्याकडच्या होडीत, एक देवळाजवळच्या होडीत, एक शाळेत, एक टेकडीपलीकडच्या वस्तीवर, एक पुलाच्या नाक्यावर आणि एक दवाखान्यात. नदीच्या कडेनं अशी सहा ठिकाणांची माळच झाली. प्रत्येकाचा आवाज फक्त शेजारच्याला पोचायचा, त्यापुढे नाही. म्हणजे मळ्यातल्या होडीला दवाखान्याशी बोलायचं तर निरोप हातोहात पुढे सरकवायचा. लग्नाच्या पंगतीत ताटं सरकवतो तसा.

आम्हाला वाटलं, चला, सुटलो. पण कसलं काय!

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे. ४ वाजून १० मिनिटं : ‘नुसती शिट्टी, काही कळलं नाही.’ ४ वाजून ५० मिनिटं : ‘टेकडीच्या वस्तीवर बाई अडली आहे. कळा सकाळपासून.’

या दोन नोंदींच्या मध्ये चाळीस मिनिटं आहेत. ४.१० ला वस्तीवरचा पोरगा जीव तोडून सांगत होता की होडी पाठवा, नर्सबाई पाठवा. नेमक्या त्याच क्षणी देवळाजवळच्या होडीतला विचारत होता, पुऱ्या-भाजीची पाकिटं कुठे उतरवू? दोघांनी एकदम बटण दाबलं. आमच्या शाळेतल्या यंत्रातून आली फक्त खरखर आणि शिट्टी. दोघांनाही वाटलं, निरोप पोचला. दोघंही वाट बघत बसले. वॉकीटॉकीवर बोलत असताना ऐकता येत नाही, त्यामुळे आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजावर आदळला हे बोलणाऱ्याला कळतच नाही.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या आजींनी माडीवरच बाळंतपण केलं, होडी नंतर पोचली. पण ती चाळीस मिनिटं माझ्या अंगावर अजून काटा आणतात.

मी त्या रात्री सगळ्यांना फर्मान सोडलं, ‘आधी ऐका, मग बोला. दुसरा कुणी बोलत असेल तर गप्प बसा.’ शहाणपणाचाच सल्ला, नाही का? बचत गटाच्या मीटिंगमध्ये मी हाच देते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच शिट्टी. मी चिडून दोघांना विचारलं, अरे, तुम्ही एकमेकांचं ऐकत का नाही? तर होडीतला म्हणाला, ‘वैनी, त्यांचा आवाज आमाला येतच न्हाई. मधी टेकडी हाय.’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मैत्रिणींनो, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहात. परसातून सासूबाई हाक मारतायत, ‘अगं, कपडे घे, पाऊस आला.’ पुढच्या खोलीतून हे विचारतायत, ‘माझी फाईल कुठंय?’ त्या दोघांना एकमेकांचा आवाज येत नाही. आपण मध्येच बोलतोय असं दोघांपैकी कुणालाच वाटत नाही. ऐकायची पंचाईत होते ती मधलीची! तिला धड कपडे ऐकू येत नाहीत, धड फाईल. आणि बोलणी मात्र दोन्हीकडून तिलाच बसतात.

माझ्या नणंदेची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला होती, ती पुरामुळे आमच्याकडेच अडकली होती. तिला हे सांगितलं तर ती हसायला लागली. ‘मामी, आमच्या पुस्तकात याला हिडन टर्मिनल म्हणतात. लपलेला बोलणारा. टॉवर नसला की यंत्रंच एकमेकांत जाळं विणतात, त्याला म्हणतात अॅड हॉक नेटवर्क. त्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच.’ पुस्तकातलं दुखणं आमच्या शाळेत येऊन बसलं होतं तर!

तिनं चौथीच्या वर्गातला फळा पुसला आणि सहा गोल काढले. म्हणाली, ‘सगळ्यांना पाळी लावून देऊ. घड्याळाच्या मिनिटावर.’ आमच्या कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. कालव्याच्या पाण्याचं पाळीपत्रक असतं, अमुक वारी अमुक वाजता अमक्याच्या रानात पाणी. तसंच हे बोलण्याचं पाळीपत्रक. पहिल्या मिनिटाला मळा, दुसऱ्याला देऊळ, तिसऱ्याला शाळा, मग वस्ती, नाका, दवाखाना. सहा मिनिटांत फेरी पूर्ण.

आता आधी घड्याळं जुळवायला हवी होती. शाळेतलं घड्याळ चार मिनिटं मागे. मी म्हटलं, आधी ते बरोबर लावू. तर भाची म्हणते, ‘काही गरज नाही. सगळ्यांची एकसारखी चुकलेली असली तरी चालतात.’ तरी तिनं एक खबरदारी घेतली. प्रत्येक मिनिटाची पहिली आणि शेवटची पाच सेकंदं कुणीच बोलायचं नाही. कुणाचं घड्याळ थोडं पुढेमागे झालं तर एकाचं शेपूट दुसऱ्याच्या पायात यायला नको.

टक्कर थांबली. पण कुरकुर सुरू झाली! आपली पाळी हुकली की पुढची पाच मिनिटं तोंडाला कुलूप, आणि पुरात पाच मिनिटं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. यावर भाचीनं जे केलं ते मला फार आवडलं. तिनं तीन रंगांचे खडू मागवले. मळ्याची होडी आणि टेकडीची वस्ती लाल. देऊळ आणि नाका हिरवे. शाळा आणि दवाखाना पिवळे. एका रंगाच्या दोघांनी एकाच मिनिटाला बोलायचं.

मी म्हटलं, अगं, पुन्हा टक्कर! ती म्हणाली, ‘बघ ना मामी. मळा आणि वस्ती एकदम बोलले. मळ्याचं बोलणं देवळाला ऐकू येतं. वस्तीचं शाळेला आणि नाक्याला. दोघांचंही ऐकू येईल असा मधला कुणी आहे का?’ मी बोट ठेवून ठेवून बघितलं. खरंच नव्हता. नियम एवढाच : ज्या दोघांचा आवाज एकाच कानात पडतो, त्यांना एक रंग द्यायचा नाही. आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांनाही नाही, कारण एक बोलत असताना दुसऱ्यानं ऐकायला हवं. सहा मिनिटांची फेरी तीन मिनिटांवर आली.

त्यात आणखी एक गंमत होती, ती मला नंतर वहीत आकडे मांडल्यावर कळली. लाल, मग हिरवा, मग पिवळा असा क्रम लावला की मळ्यातून निघालेला निरोप दर मिनिटाला एक घर पुढे सरकतो आणि पाच मिनिटांत दवाखान्यात पोचतो. उलट दवाखान्यातून मळ्याकडे यायला त्याच रंगांत नऊ मिनिटं लागतात. भाचीला विचारलं तर म्हणाली, ‘मुद्दाम तसं लावलं. मदतीची हाक आधी पोचायला हवी, उत्तर थोडं उशिरा आलं तरी चालेल.’ एवढीशी पोर, पण विचार बघा!

पूर ओसरल्यावर मी तिच्याकडून या विषयाची बरीच माहिती काढून घेतली. मी बीए मराठीवाली, गणितं मला नकोत. पण गोष्टी कळल्या.

यातली पहिली गोष्ट हवाई बेटांवरची. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. वेगवेगळ्या बेटांवरून होनोलुलुच्या मोठ्या संगणकाशी बोलायचं होतं. मध्ये समुद्र, आणि टेलिफोनच्या तारांचा भरवसा नाही. त्यांनी १९७१ मध्ये रेडिओच्या लहरींवर हे जाळं सुरू केलं, नाव ठेवलं अलोहा. त्याचा नियम अगदी आपल्या हळदी-कुंकवातल्या गप्पांसारखा, मनात आलं की बोलून टाकायचं! पोचल्याची पावती आली नाही तर समजायचं की टक्कर झाली. मग थोडा वेळ थांबून पुन्हा बोलायचं. हा थोडा वेळ मात्र प्रत्येकानं आपापल्या मनानं वेगवेगळा घ्यायचा, नाहीतर दोघं पुन्हा एकदमच बोलणार. रस्त्यात समोरून येणाऱ्या माणसाला वाट द्यायला आपण डावीकडे होतो आणि तोही त्याच बाजूला होतो ना, तसं.

सुंदर कल्पना, आणि त्या काळात फार मोठी. पण हिशेब केला तर कळलं की शंभर मिनिटांतली जास्तीत जास्त १८ मिनिटंच कामी येतात. बाकीची टक्करीत किंवा शांततेत जातात. पुढे घड्याळाचे ठोके ठरवून दिले आणि बोलायचं ते ठोक्यावरच सुरू करायचं असं केलं, तेव्हा तो आकडा दुप्पट झाला, जवळपास ३७. कारण आता अर्धवट टक्कर होईना. एकाचं शेवटचं वाक्य आणि दुसऱ्याचं पहिलं, असं आदळणं बंद झालं. ‘मनात आलं की बोला’ या स्वभावाला नुसती घड्याळाची शिस्त लावली तर एवढा फरक! अर्थात तरीही साठाच्या वर मिनिटं वायाच.

म्हणून मग पाळीपत्रकाचा विचार आला. आमच्या फळ्यावर झाली तीच युक्ती, लांबच्या दोघांनी एकाच वेळी बोलायची, रँडॉल्फ नेल्सन आणि लिओनार्ड क्लाइनरॉक या दोघांनी १९८५ मध्ये शास्त्रशुद्ध मांडली. आमची सहा ठिकाणं एका ओळीत होती म्हणून तीन रंगांत भागलं. शेकडो यंत्रं वेडीवाकडी पसरली तर कमीत कमी किती रंग लागतील, हे नेमकं आणि झटपट काढायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही. संगणकसुद्धा तिथे दमतो. मग चालवून घेता येईल असं बऱ्यापैकी पाळीपत्रक बनवतात. प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला विचारून न वापरलेला रंग उचलतं. मध्ये कुणी मुख्य नसताना हे होतं, याचं मला अप्रूप वाटतं. आमच्याकडे भाची होती. जिथे भाची नसते तिथे यंत्रांनी आपसात ठरवायचं.

दुसरी एक युक्ती फिल कार्न या हॅम रेडिओवाल्यानं १९९० मध्ये मांडली. हॅम म्हणजे हौसेनं, पण परीक्षा देऊन आणि सरकारी परवाना घेऊन वायरलेस चालवणारी मंडळी. त्याचं म्हणणं असं, की बोलण्याआधी विचारा, ‘मी बोलू का?’ समोरच्यानं सांगायचं, ‘हो, बोल.’ हे ‘हो, बोल’ त्याच्या आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातं, लपलेल्या बोलणाऱ्यालासुद्धा. ते ऐकलं की त्यानं गप्प बसायचं. म्हणजे गप्प बसवण्याचं काम बोलणाऱ्यानं नाही, ऐकणाऱ्यानं करायचं. स्वयंपाकघराच्या दारातल्या त्या सुनेनं सासूबाईंना मोठ्यानं ‘हां, बोला आई’ म्हटलं की पुढच्या खोलीतल्यांना आपोआप कळतं, आता जरा थांबावं. (कळतं असं आपण धरून चालू.) घरोघरच्या वायफायमध्येही गरज पडल्यास वापरायला ही सोय ठेवलेली आहे.

हॅमवरून आठवलं. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद नावाच्या बाई आपल्या चमूबरोबर पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेतर्फे, अंदमानातून जगभरच्या हॅम लोकांशी बोलायला. तिथे हौशी रेडिओला कित्येक वर्षं परवानगीच नव्हती, त्यामुळे सगळ्या जगाचे कान तिकडे लागले होते. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलली आणि पाठोपाठ त्सुनामी आली. फोन बंद पडले. हौसेसाठी नेलेलं ते रेडिओ केंद्र बेटांची वाचा झालं. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवंय, हे निरोप भारतीबाई आणि त्यांचे सहकारी पोचवत राहिले. संकटात हॅम मंडळींची एक पद्धत असते, एकजण सूत्रधार होतो आणि बाकीचे त्यानं नाव घेतल्याशिवाय बोलत नाहीत. तातडीचा निरोप असेल त्याला आधी. ही परीक्षा आपल्याकडे बाराव्या वर्षापासून कुणालाही देता येते, बरं का. वॉकीटॉकी हे बाप्यांचं खेळणं आहे असं आमच्या गावात अजून समजतात, म्हणून सांगितलं.

तिसरी गोष्ट कानपूरची, गंगाकाठची. वायफाय मुळात घरात, ऑफिसात वापरायला बनलेलं. आयआयटी कानपूरच्या मंडळींनी उंच मनोऱ्यांवर अँटेना बसवून ते गावोगाव नेलं, एकेक टप्पा तीस-तीस किलोमीटरच्याही पुढे. इतक्या लांबवर ‘आधी ऐका, मग बोला’ चालेना. त्यात एकाच मनोऱ्यावर दोन-तीन अँटेना. एकीनं बोलायला सुरुवात केली की शेजारचीचे कान बधिर! भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू या दोघांनी २००५ मध्ये यावर तोडगा मांडला. एका मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम बोलायचं आणि नंतर सगळ्यांनी एकदम ऐकायचं. हा मनोरा बोलतो तेव्हा समोरचे सगळे ऐकतात, मग ते बोलतात आणि हा ऐकतो. पंचमीला झिम्मा खेळताना दोन ओळी समोरासमोर करून एका ओळीनं म्हणायचं आणि दुसरीनं उत्तर द्यायचं, अगदी तसं.

पण त्यातही एक मेख आहे. प्रत्येक मनोऱ्याचे सगळे सोबती समोरच्या ओळीत असायला हवेत. तीन मनोरे एकमेकांशी जोडलेले असले तर? पहिला या ओळीत, दुसरा त्या ओळीत, मग तिसऱ्यानं कुठे जायचं? कुठल्याही ओळीत गेला तरी तिथे त्याचा एक सोबती आहेच. म्हणून जाळं विणतानाच तिघांचा असा त्रिकोण टाळावा लागतो. हे दोघेही प्राध्यापक पुढे आयआयटी मुंबईत आले. माझ्या भाचीच्या तोंडी चेब्रोलू मॅडमचं नाव इतक्या सहज येतं की मला बरं वाटतं.

आमच्या फळ्यावरचं पाळीपत्रक मात्र फार दिवस सुखानं चाललं नाही, तेही सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी पाण्याची ओढ वाढली म्हणून मळ्याची होडी शाळेच्या जवळ आणून बांधली. झालं! लाल मिनिटाला आमच्या यंत्रातून पुन्हा शिट्टी. कारण आता मळ्याचा आवाज थेट शाळेतही पोचायला लागला, वस्तीचा पोचत होताच, आणि दोघं एकाच रंगाचे. भाचीनं फळा पुसला, मळ्याच्या होडीला निळा खडू दिला आणि फेरी चार मिनिटांची केली. मग मी वहीत एक नवीन रकाना आखला : ‘कोण हललं?’ होडी जागची हलली की आपल्या मिनिटाला आधी तेच सांगायचं, बाकीचं मागाहून. त्यानंतर दिवसभरात आणखी दोनदा खडू बदलले. मुलं कंटाळली, एक-दोघं माझ्यावर वैतागलीसुद्धा. पण शिट्टी काही वाजली नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. भाची तेव्हा नोकरीला बंगळूरला होती. शाळेत वॉकीटॉकी आले तसे मी घरून ती जुनी वही आणि खडूचा डबा घेऊन गेले. वस्तीवरची काही बायका-मुलं या वेळी आधीच शाळेत आणली होती. मी फळ्यावर गोल काढत होते, तर मागून एक बाई पुढे आली. कडेवर दोन वर्षांचा पोरगा, त्याच माडीवर जन्मलेला. तिनं फळ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, ‘वैनी, आमच्या वस्तीला औंदा कुठला रंग?’